घराकडून वाचता येणाऱ्या विटा

कळंब
९ नोव्हेंबर २०२५

धर्मा,

सहावी वीट नुसत्या बोटांनी निघाली. थापी लावावी लागली नाही. खालचा माल मुठीत घेतला तर राखेसारखा बोटांतून गळला. सिमेंट कमी नव्हतं, ते रंगावरून कळतं. पण त्याला पाणी मिळालं नव्हतं. वीट कोरडी लावली की ती मालातलं पाणी ओढून घेते आणि माल जागच्या जागी मरतो. हे तुला सांगायला नको.

भिंत जानकाबाईंच्या बागेची. चिकूच्या झाडापासून विहिरीकडं जाणारी. तुझी बाजू.

जानकाबाई आता ऐंशीच्या आहेत. दवाखान्यातून निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी ही बाग केली आणि आपण भिंत बांधली. गेल्या महिन्यात उसातून बिबट्या आला आणि भिंतीवरून उडी मारून त्यांचं कुत्रं घेऊन गेला. त्यांना आता भिंत दोन फूट वर घ्यायची आहे. वर ओझं टाकायच्या आधी खालचं तपासावं लागतं, म्हणून मी थापीच्या दांड्यानं ठोकत गेलो. फाटकापासून चिकूपर्यंत, म्हणजे माझ्या बाजूला, प्रत्येक वीट टणटणीत बोलते. चिकूच्या पुढं आवाज बसतो. ओळंबा सोडला तर बागेकडं दीड इंचाचं पोट आलेलं आहे.

मधले आठ फूट सिमेंटच्या ठोकळ्यांचे आहेत. तिथला आवाज चांगला आहे. ते काम मंचरच्या गवंड्याचं. तुझ्या विटा पडल्या त्या जागी त्यानं ते भरलं. ठोकळ्यांच्या पुढ्यात जानकाबाईंनी काही लावलेलं नाही. एकवीस वर्षं ती जागा तशीच आहे. भिंत पडली तेव्हा तुझी हिरा तिथं मोगऱ्याची कलमं लावत होती, त्यातलं एक जगलं होतं. तेही त्यांनी उपटून टाकलं.

तुझी चिठ्ठी मिळाली. ऋतिकाचं लग्न चौदा डिसेंबरला आहे, हे तुला कोणी सांगितलं ते मी विचारत नाही. तू लिहितोस, मांडवाबाहेर उभा राहीन, कोणाला ओळख देणार नाही, अक्षता टाकून जाईन. येऊ नकोस. मुलगा पारगावच्या कारखान्यात नोकरीला आहे, माणसं सरळ आहेत. त्यांना मी सांगितलं आहे की पोरीची आई भिंत पडून गेली आणि बाप मेंढरांमागं गेला. कोणाची भिंत, हे त्यांनी विचारलं नाही. तू दिसलास तर विचारतील.

पोरगी तुझी आठवण काढत नाही. दीड वर्षाची होती, आठवण असणार कुठून. चार वर्षांची झाली तेव्हा डाव्या हातानं जेवायला लागली. मी तो हात फडक्यानं कमरेला बांधला. सहा महिने. तुझी वहिनी गोजर आडवी पडायची, मी ऐकलं नाही. आता उजव्या हातानं लिहिते, अक्षर चांगलं आहे. तुझं तिच्यात जे होतं ते मी काढून टाकलं आहे.

फोन करणार नाही. नंबर मागं राहतो आणि ती माझा फोन हाताळते.

यमाजी

*

कळंब
१६ नोव्हेंबर २०२५

धर्मा,

मी जानकाबाईंना म्हणालो होतो, वरून गिलावा मारू, आतून दोन खांब देऊ, काटेरी तार लावू. बिबट्याला तेवढं पुरतं. त्या हो म्हणाल्या होत्या.

ऋतिका नाही म्हणाली.

ती मंचरला एका ठेकेदाराकडं साइटवर असते. डिप्लोमा झाल्यापासून तिला भिंतीकडं बघितल्याशिवाय राहवत नाही. लग्नासाठी सुट्टी काढून आली आहे आणि साड्या बघायच्या सोडून माझ्यामागं बागेत आली. खिळा घेऊन विटांमधल्या दरजांत खुपसत गेली. माझ्या बाजूला खिळा पाव इंच जाईना. चिकूच्या पुढं बोटभर गेला. तिनं खडूनं प्रत्येक सैल विटेवर फुली मारली. फुल्या ठोकळ्यांच्या अलीकडं आहेत आणि पलीकडंही आहेत. मग कुठंतरी अचानक थांबतात. तिथून विहिरीपर्यंत भिंत परत टणक.

ती मला म्हणाली, "आबा, एका माणसाचं काम मधेच असं कसं बदलंल? आधी वाईट, मग एकदम चांगलं?"

मी म्हणालो, "तुझ्या बापाचं डोकं तसंच व्हतं."

"कारण डोकं नसतंय आबा. कारण पाणी असतंय न्हाईतर वाळू असतीय."

जानकाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या हसल्या. "यमाजी, तुझी सुटका नाही. पोरीनं सलाईन लावलंय तुला."

बाहेरचं कारण तिनं लगेच काढलं. भिंत झाली त्याच वर्षी रस्त्यावर मुरूम पडला, रस्ता वर आला, पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहायला लागलं. आपण भिंतीत पाणी जायला भोकं ठेवली नव्हती. पाण्यानं सगळ्या भिंतीला सारखाच दाब दिला. "पण पडलं ते एवढंच," ती ठोकळ्यांकडं बघत म्हणाली. तिची आई तिथं गेली हे तिला माहीत आहे. तिचा आवाज बदलला नाही. मी तिला असं वाढवलं आहे.

मग तिनं विचारलं, हे उघडायचं का. जानकाबाई म्हणाल्या, उघड. मला कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली. मागच्या दिवाळीला तू घोंगडी पाठवलीस. आपल्या मेंढरांच्या लोकरीची, काठाला पांढरी रेघ. तिला दिली नाही. मागच्या खोलीचा स्लॅब टाकला तेव्हा त्यावर पाणी धरून ठेवायला अंथरली. लोकर पाणी चांगलं धरते. एकवीस दिवस ओली होती. आता गोठ्यात आहे. त्याआधीच्या दोन कुठं गेल्या ते आठवत नाही.

यमाजी

*

कळंब
२३ नोव्हेंबर २०२५

धर्मा,

हे पत्र नीट वाच. दोनदा वाच.

तीन दिवस भिंत उतरवतो आहोत. ऋतिका वरून एकेक वीट काढते, झाडून खाली ठेवते. फेकत नाही. जशी भिंतीत होती तशीच, त्याच तोंडानं, जमिनीवर ओळीत. म्हणते, भिंत आडवी करून बघायची. प्रत्येक ओळीचा फोटो काढते. मी सांगितलं, विटेला विटेसारखं वागव. ती म्हणाली, "तसंच वागवतीय."

आपल्या विटा भागूच्या भट्टीच्या. भट्टी बंद होऊन पंधरा वर्षं झाली. प्रत्येक विटेच्या खळग्यात "भा" आहे. काल दुपारी ती ओळींच्या मधे उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, "आबा, या ओळीतला भा घराकडनं वाचता येतोय. आन् त्या तिकडच्या, विहिरीकडच्या, रस्त्याकडनं."

मी म्हणालो, विटेला काय, कशीही बसते.

जानकाबाईंचं तोंड कोणी धरायचं. त्या म्हणाल्या, "अगं, तो तर आमचा विनोद होता. हिरा बाळंतपणाहून आली ना, चिकूला तुझी झोळी बांधायची आणि विटा द्यायची. तिनंच ओळखलं. दोघं भाऊ घराच्या बाजूनं उभे राहायचे. मोठ्याची थप्पी डाव्या अंगाला, धाकट्याची उजव्या. धाकटा डावखुरा. मोठा उचलून वळला की अक्षर घराकडं, धाकटा वळला की रस्त्याकडं. हिरा म्हणायची, दादांच्या विटा घरात बघत्यात, आमच्या ह्यांच्या रस्त्याला लागल्यात."

त्या हसत होत्या. ऋतिका हसली नाही. मीही नाही.

"डावखुरा व्हता?" तिनं मला विचारलं. इतकंच. मी म्हणालो, आठवत नाही. भावाचा हात कोणता ते मला आठवत नाही, असं मी त्या पोरीला म्हणालो. तिनं स्वतःच्या डाव्या हाताकडं बघितलं आणि परत कामाला लागली.

ठोकळ्यांच्या अलीकडं भा घराकडं. पलीकडं तीन फुटांपर्यंत भा घराकडं. सगळ्या फुलीच्या विटा. त्यानंतर रस्त्याकडं, आणि तिथं खिळा जात नाही.

आता मी लिहितो ते तुला माहीत आहे असं मला कधी वाटलं नाही. तू हिराला आणि बाळाला आणायला तिच्या माहेरी गेला होतास. चार दिवस. तू आल्यावर मी म्हणालो, चिकूच्या पुढचा भाग तू जाण्याआधी केला होतास, मी नुसते विटांचे वरचे रद्दे जुळवले. तू पोरीत गुंग होतास. भिंतीकडं बघितलंही नाहीस. पुढच्या वर्षी फौजदारानं विचारलं, पडलं ते काम कोणाचं. मी म्हणालो, धर्माचं. तू मान हलवलीस. मी तुझ्याकडं बघत होतो. तू एकदाच हलवलीस, पण सगळ्यांनी बघितलं. भावकीनं पुढं जे केलं ते त्या मानेवर केलं. तुझ्या हातचं काम कोणी घेईना, पंगतीत कोणी शेजारी बसेना, तू थापी माझ्या ओट्यावर ठेवून गेलास. मी तुला जा म्हणालो नव्हतो. थांबही म्हणालो नाही.

काल संध्याकाळी तिनं विचारलं, "आबा, ह्या विटा कोणी भिजवल्या न्हाईत?"

मी म्हणालो, "तुझ्या बापानं."

ती म्हणाली, बरं.

तिचं बरं मला ओळखू येतं. ती तुला शोधील. तुझी पत्रं जातात त्या मढच्या दुकानाचा नंबर मिळवणं तिला अवघड नाही. तिनं विचारलं तर म्हण, काम माझं. म्हण, त्या दिवसांत मी दोन्ही हातांनी बांधायचो. काहीही म्हण. लग्नाला तीन आठवडे आहेत. हळद लागायच्या आधी पोरीला हे कळलं तर ती कोणाच्या घरातून निघेल? तुझ्याकडं घर आहे का? बाप म्हणून तू तिला आजवर काय दिलंस? हे एक दे. एवढं केलंस तर लग्नानंतर कधीतरी, देवदर्शनाच्या निमित्तानं, लांबून तुला ती दिसेल असं मी बघीन.

उत्तर लगेच पाठव. नेहमीसारखं कोणाच्या तरी हातानं, घडी घालून, बंद.

यमाजी

*

कळंब
७ डिसेंबर २०२५

धर्मा,

तू कार्ड पाठवलंस. उघडं पोस्टकार्ड.

दुकानात पाकिटं नव्हती का? की तुला एवढंच येतं? दोन दिवस मी याच्यावर विचार करतो आहे. एकवीस वर्षांत तू एकही शब्द उघड्यावर लिहिला नव्हतास.

पोस्टमन फाटकात आला तेव्हा मी शेतात होतो. कार्ड ऋतिकानं घेतलं. गोजर सांगते की ती उभ्यानं वाचून पायरीवर बसली आणि परत उभी राहून वाचलं. मी आलो तेव्हा तिनं ते माझ्या हातात दिलं. "आबा, तुमचं कार्ड."

तू लिहिलंस ते मी इथं परत लिहितो. माझ्या हातानं एकदा लिहून बघायचं आहे.

"दादा, हिरावरनं विटा काढताना मी अक्षरं बघितली व्हती. तेव्हाच. फौजदारापुढं मान हलवली कारण पोरगी दीड वर्षाची व्हती आणि वहिनीनं तिला मांडीवर घेतली व्हती. तुम्हाला नेलं असतं तर घर मोडलं असतं. माझ्याकडं भिंतीचं घर नव्हतं, मेंढरं व्हती. तिनं विचारलं तर म्हणेन, काम माझं. लग्नाला येत न्हाई. एक घोंगडी पाठवतो. धर्मा."

तुला माहीत होतं.

मी दर भाद्रपदात तुला पत्र लिहिलं. हिराच्या तारखेला. तुझा हात, तुझी कोरडी वीट, तुझं ध्यान नसणं. एकवीस पत्रं. तू ती सगळी वाचलीस, हे माहीत असून. मेंढरांमागं बसून वाचलीस. तुला माझी कीव येत होती का? आली असेल तर ती परत घे. मला ती नको. मी तुला रानात काढलं असं समजत होतो, आणि तू तिथं बसून मला घर सांभाळायला ठेवलं होतंस. राखणदार ठेवतात तसं. हे माफ करायला मी कुठून आणू?

आता तुला हवं ते वाच. तुला अक्षरं माहीत होती, पाण्याचं माहीत नव्हतं.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मला पारगावला मुलगी बघायला जायचं होतं. त्या वर्षी वैशाखात जानकाबाईंची विहीर आटली होती. टँकर एक दिवसाआड यायचा आणि भिंतीच्या कामाला दोन पिपं मिळायची. एक मालाला, एक विटा भिजवायला. मी एकतीस वर्षांचा होतो. धाकट्याचं लग्न होऊन लेक झाली होती आणि मला तीन ठिकाणी नकार आला होता. तिसऱ्या ठिकाणी मुलीची आत्या म्हणाली होती, पावणं लई धुळकटलेत. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी विटांचं पीप घेऊन चिकूच्या आडोशाला गेलो आणि आंघोळ केली. साबण लावला. डोकं दोनदा धुतलं. सदरा धुऊन झाडावर टाकला. पीप रिकामं झालं. बाईंनी सांगितलं होतं, आजच्या आज एवढा पट्टा वर आला पाहिजे. मी कोरड्या विटा लावल्या. बारा फूट. त्यातले आठ हिरावर पडले.

कार्ड हातात घेऊन मी हे सगळं ऋतिकाला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं होतं, "त्या दिवशीचं पाणी कुठं गेलं आबा?"

"आंघोळ केली."

"कशानं?"

"विटांच्या पाण्यानं."

बोलली ती गोजर. चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "तरीच. त्या दिवशी केसाला साबणाचा वास येत व्हता तुमच्या. आमच्या गावात प्यायला पाणी न्हाई, आन् हा माणूस न्हाऊन आलाय. मला वाटलं पाणीवालं घर असंल. म्हणून मी हो म्हनले."

मग ती भाकरी उलटायला वळली. "न्हायचं नव्हतं," असं म्हणाली. मला की कोणाला ते कळलं नाही.

ऋतिकानं विचारलं, "माझा हात कशाला बांधला?"

तिला उत्तर माहीत होतं. तिनं थापी धरली की मला तुझी पाठ दिसली असती, हे मी तिला सांगू शकलो नसतो. तुलाही सांगायला नको होतं.

गोजर गोठ्यातून तुझी घोंगडी घेऊन आली. सिमेंटनं कडक झाली आहे, काठाची पांढरी रेघ दिसत नाही. पोरीच्या पुढ्यात टाकली. "तुझ्या बापाची हाय. ह्यांनी स्लॅबवर घातली व्हती. आधीच्या दोन मी धान्यावर झाकल्यात." म्हणजे गोजरलाही माहीत होतं. मीच एकटा लपवत होतो आणि बाकी सगळे मला लपवू देत होते.

मी ऋतिकाला एक गोष्ट सांगितली. म्हणालो, लग्न होईपर्यंत थांब. नऊ दिवस. पत्रिका वाटल्या आहेत, पारगावची माणसं येतील, जानकाबाईंचा वाफा तोडून तिथं मांडव घालायचा ठरला आहे. नंतर तुला जे करायचं ते कर, मी अडवणार नाही. ती म्हणाली, "आबा, तुमी माझ्यासाठी लई केलंय. जेवण, शाळा, डिप्लोमा. मी कधी कमी न्हाई म्हनले. पण ते कुणाच्या बदल्यात, हे मला कुणी विचारलं न्हाई." मग उठून बागेत गेली.

मी मागून गेलो. जानकाबाई खुर्चीत होत्या. मला म्हणाल्या, "यमाजी, बस." त्यांनी दुसरी खुर्ची मागवली नाही. मी उभा राहिलो.

ऋतिका माल कालवत होती. जुन्या विटा तिनं सकाळीच घासून पिपात टाकल्या होत्या, बुडबुडे यायचे थांबले होते. पाया पक्का आहे, पाण्याला भोकं ठेवली आहेत, दर सहा फुटांवर खांब येणार आहे. तिनं थापी डाव्या हातात घेतली. कोणाकडं बघितलं नाही. पहिली वीट जरा वाकडी बसली, तिनं काढून परत लावली. दुसरी बसली. थप्पी उजव्या अंगाला. भा रस्त्याकडं.

एवढ्या वर्षांनीही हात विसरत नाही. मी सहा महिने बांधला होता. बांधून काही झालं नाही.

अकरा वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत तिनं दोन रद्दे घेतले. मी एकही वीट दिली नाही. मागितलीही नाही. जाताना फुलीची एक वीट तिनं वेगळी काढली, खडूनं तिच्यावर बाण काढला, घराकडं तोंड करून. जानकाबाईंनी विचारलं, ही कशाला. ती म्हणाली, "दाखवायला."

मला अजून वाटतं की ती थांबेल. तिच्या आईची पातळं गोजरनं ट्रंकेत ठेवली होती. आज ती बाहेर काढलेली दिसली. लग्नासाठी असतील.

पाकीट नीट चिकटवतो आहे. तूही शिक.

यमाजी

*

८ डिसेंबर

सकाळी पावणेसातच्या गाडीनं ऋतिका गेली. आळेफाट्याला बदलून मढची धरेल. वीट नेली. बाण पुसला जाऊ नये म्हणून तुझ्या त्याच घोंगडीत गुंडाळली होती. गोजर तिला फाट्यावर सोडायला गेली, ती दहा वाजले तरी आलेली नाही. हे पत्र तिच्याआधी पोचणार नाही. मी बागेत आलो आहे. विटा भिजत घातल्या आहेत.